गावातल्या तीन अंगणवाड्यांपैकी आपल्या लेकरासाठी कोणती?

आमची धाकटी तीन वर्षांची झाली तेव्हा घरात दोन मतं होती. नवरा म्हणायचा, फाट्यावरच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी दारात येते, तिच्यात बसवू आणि मोकळं होऊ. सासूबाई म्हणायच्या, "अंगणवाडी हाय की गल्लीत. खिचडी खाऊन येईल." अंगणवाड्या सगळ्या सारख्याच, हे मात्र दोघांनीही धरून टाकलं होतं, आणि खरं सांगायचं तर मीही. अंबाजोगाई तालुक्यातल्या आमच्या गावात अंगणवाड्या तीन आहेत. एक जिल्हा परिषद शाळेच्या आवारात, दुसरी मारुतीच्या पारामागे नव्याने रंगवलेल्या इमारतीत, तिसरी वस्तीच्या टोकाला समाजमंदिराच्या खोलीत. तिन्हीत किती फरक आहे हे कळायला मला पाऊण वर्ष गेलं, तेही एकदा चुकीची निवडून झाल्यावर. तुमचं पाऊण वर्ष वाचावं म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी यादी, मग पायी अंतर

साधारण ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक अंगणवाडी असा निकष आहे. म्हणजे तीन हजारांच्या गावात चार-पाच असू शकतात, शिवाय तांड्यावर किंवा वाडीवर वेगळी. गावात कुणालाही विचारा, तो आपल्या गल्लीतलीच सांगेल. पूर्ण यादी आशाताईंना तोंडपाठ असते. त्या भेटल्या नाहीत तर ग्रामपंचायतीत विचारा, नाहीतर बीटच्या (आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटाच्या) मुख्यसेविकेला, म्हणजे पर्यवेक्षिकेला. तालुक्याच्या ठिकाणी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांचं कार्यालय असतं, तिथेही यादी मिळते. लातूर, नांदेड, परभणीसारख्या शहरांत राहत असाल तर नागरी प्रकल्पाचं कार्यालय वेगळं असतं. शहरात महापालिकेच्या शाळेला जोडून एखादा बालवर्ग चालतो का, तेही विचारून घ्या. केंद्रीय विद्यालयांत २०२२ पासून बालवाटिका (पहिलीच्या आधीचे वर्ग) सुरू झाल्या, पण तिथे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्राधान्य असतं. तेवढ्या एका आशेवर बसू नका.

यादी हातात आली की प्रत्येक अंगणवाडीपर्यंत लेकराला घेऊन चाला. कडेवर घ्यायचं नाही, चालवायचं. मला चार मिनिटं लागणारं अंतर धाकटीला बारा मिनिटं लागलं, आणि वाटेत राज्य महामार्ग ओलांडायचा होता. पावसाळ्यात ओढा आडवा येतो का, वाटेत उघडी विहीर आहे का, कुत्र्यांची टोळी कुठे बसते, हे मोटारसायकलवरून जाताना कळत नाही. तीन वर्षांच्या मुलाला रोज न्यायचं-आणायचं कोण, हेही याच वेळी ठरवा. शेतात सोयाबीन काढणी आली की आजीच नेणार असेल, तर आजीच्या गुडघ्यांना झेपेल तेवढंच अंतर खरं.

वयाचा हिशेब उलटा मांडा

महाराष्ट्रात पहिलीत जायला त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात, आणि तीन वर्षांच्या शालापूर्व शिक्षणाची सुरुवातही त्याच तारखेवरून मोजतात. म्हणजे नोव्हेंबर २०२२ मध्ये जन्मलेलं लेकरू जून २०२८ ला पहिलीत जाईल, आणि त्याच्याहून दोनच महिन्यांनी लहान असलेलं, जानेवारी २०२३ चं, जून २०२९ ला. दुसऱ्याच्या आईला अंगणवाडी निवडायला जवळजवळ एक वर्ष जास्त मिळतं. हा हिशेब न करता शेजारणीचं बघून घाई करणाऱ्या बऱ्याच जणी मी पाहिल्या. शिवाय अंगणवाडीत जूनच्या मुहूर्ताची गरज नाही, मूल वर्षभरात केव्हाही घेतात. फी नाही, देणगी नाही. लेकराचं आधार कार्ड निघालेलं नसेल तर आईच्या आधारवर नोंद होते, त्यामुळे "आधार काढून आणा, मग बघू" एवढ्यावर परत फिरू नका.

तीन वेळा जा, तीन वेगळ्या वेळी

मी पहिल्यांदा पारामागच्या अंगणवाडीत गेले ती निरोप देऊन. भिंतीवर बाराखडी, फळं, वाघ-सिंह, सगळं चकचकीत. लेकरांनी एका सुरात इंग्रजी महिने म्हणून दाखवले. मी भारावून धाकटीला तिथेच घातलं. पंधरा दिवसांनी ती सकाळी चप्पल लपवायला लागली. कारण शोधायला मी न सांगता गेले तेव्हा साडेदहा वाजले होते. पोरं भिंतीला टेकून रांगेत बसली होती, हाताची घडी, तोंडावर बोट. खेळणी काचेच्या कपाटात कुलपात, वरचं प्लास्टिकही न काढलेली. ताई वाईट नव्हत्या. त्यांना वाटत होतं, शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग. आणि मीही पंधरा दिवसांपूर्वी त्याच शांततेवर खूश झाले होते!

म्हणून निरोप न देता जा आणि तीन वेळा जा. पहिली फेरी उघडायच्या वेळेला. दुसरी जेवणाच्या जरा आधी. तिसरी शनिवारी किंवा सणाच्या दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या करीला वगैरे, म्हणजे एरवीची घडी उतरल्यावर काय दिसतं ते कळतं. उन्हाळ्यात वेळ सकाळची होते, ती आधी विचारून घ्या, नाहीतर कुलूप बघून उगाच मत बनेल. वही-पेन काढून तपासणीला आल्यासारखं उभं राहू नका. लेकराला घेऊन जा, दारात टेका, "जरा बघायलाव हो ताई, लेकराला घालायचं हाय" म्हणा. चांगल्या ताई चटईवर जागा करून देतात.

आत जाण्याआधी दाराबाहेरच्या चपला मोजा. पटावर किती मुलं आहेत ते ताई सांगतील, पण चपला खोटं बोलत नाहीत. एका फेरीत मला पटावर बत्तीस नावं आणि बाहेर नऊ जोड दिसले. एका दिवसावरून काही ठरत नाही, बाजाराच्या दिवशी निम्मी लेकरं आईबरोबर बाजारात असतात. पण तिन्ही फेऱ्यांत तीच गत असेल तर गावानेच ती अंगणवाडी सोडलेली असते, आणि गाव सहसा उगाच सोडत नाही.

आत गेल्यावर ताईंचं तोंड कुणाकडे आहे ते बघा. रजिस्टरकडे, मोबाईलकडे, की लेकरांकडे? इथे न्यायाने बोललं पाहिजे. अंगणवाडी सेविकेच्या मागे सर्वेक्षण, गृहभेटी, लसीकरणाचा दिवस, गरोदर आणि स्तनदा मातांच्या नोंदी आणि २०२१ पासून पोषण ट्रॅकर ॲपवर रोजची हजेरी भरणं असं सगळं लागलेलं असतं. रेंज नसली की त्या मोबाईल घेऊन अंगणात फिरतात, ते लेकरांना टाळण्यासाठी नव्हे. त्यामुळे अर्धा तास मोबाईल हातात दिसला म्हणून नाव काटू नका. त्या अर्ध्या तासात लेकरं काय करत होती, ते बघा. काहींकडे त्या वेळेसाठी मण्यांची पाटी, चिंचोके, वाळूचा ढीग तयार असतो. काहींकडे नुसतं "गप बसा".

सगळ्यात कामाचा प्रश्न मला शेवटी सुचला: "मदतनीस कोण आहेत? रोज येतात का?" मदतनीस पद रिकामं असेल तर झाडलोट, पाणी भरणं, ताटं वाढणं, पोरांना घरून बोलावून आणणं, सगळं एकट्या सेविकेवर येतं आणि शिकवण्याचा तास कुठे गेला ते तिलाच कळत नाही. रंगवलेली इमारत एका बाजूला आणि भरलेलं मदतनीस पद दुसऱ्या बाजूला असेल तर मी डोळे झाकून दुसरीकडे जाईन.

शिकवणं ओळखायचं कसं

पाठांतरावर जाऊ नका. "लेकराला वन टू हंड्रेड येतं" हे ऐकायला बरं वाटतं, पण तीन-चार वर्षांच्या मुलाने बोलावं, वर्गीकरण करावं, चिखलात हात घालावा, वाट बघायला शिकावं, हा या वयाचा अभ्यास. महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांचा अभ्यासक्रमही खेळ, गाणी, गोष्टी यांवरच उभा आहे. ताईंना विचारा, "या महिन्याचा विषय कोणता?" ज्या करून घेतात त्या लगेच सांगतात: पाऊस, भाजीपाला, आपलं घर. ज्यांना वही शोधावी लागते त्यांचं तुम्हीच ठरवा.

मी एक साधी मोजणी केली. पंधरा मिनिटं बसले आणि ताईंनी किती प्रश्न असे विचारले की ज्याचं उत्तर "हो", "नाही" किंवा एका सुरातलं "येऽऽस बाई" नव्हतं, ते बोटांवर मोजले. पारामागच्या अंगणवाडीत एकही नाही. समाजमंदिरातल्या अंगणवाडीत अकरा. "शेळीनं काय खाल्लं? मग तिच्या पोटात काय झालं? तुमच्या शेळीचं नाव काय?" एका पोराने शेळीच्या बाळंतपणाची सगळी कथा सांगितली आणि ताईंनी ती पूर्ण ऐकली. त्या खोलीचा अर्धा गिलावा पडलेला होता.

अंगणवाडी या शब्दाच्या मागे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आहेत. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची हा विचार त्यांचा आणि अनुताई वाघांचा. आजच्या अंगणवाड्या ज्यातून चालतात ती एकात्मिक बालविकास योजना आली पुढे, २ ऑक्टोबर १९७५ ला. पान, खडे, बिया यांनी शिकवणाऱ्या ताई गरीब साधनांवर भागवतायत असं मला आधी वाटायचं. मुळात कल्पनाच ती होती.

भाषेचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आणि फार दुर्लक्षित. किनवट-माहूरकडच्या किंवा परळी-गेवराईच्या तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतं. देगलूर-बिलोलीकडे कानावर तेलुगू पडते, उमरगा-निलंग्याच्या सीमेवर कन्नड, आणि गावोगाव उर्दू-दखनी. तीन वर्षांचं लेकरू गप्प बसलं की "मंद आहे" म्हणून मोकळं होणारे पुष्कळ. ताईंना किंवा मदतनीसताईंना घरची भाषा येते का, निदान "पाणी", "शी", "भूक" हे शब्द त्या मुलाच्या भाषेत ओळखतात का, एवढं तरी बघा. दोघींपैकी एक जरी ती भाषा बोलणारी असेल तर बाकीचे दोन-तीन गुण सोडून द्यायला हरकत नाही.

आता एक अवघड गोष्ट. सेविका त्या गावची रहिवासी असावी अशी अट असते. म्हणजे ती कुणाची तरी सून, कुणाची तरी भावजय असते, आणि भावकीतला बांधाचा वाद थेट अंगणवाडीच्या दारापर्यंत येतो. "तिच्याकडं नगं" असं घरात कुणी म्हणालं तर कारण विचारा. शिकवण्याचं आहे की बांधाचं? आणि दुसऱ्या वस्तीतली अंगणवाडी "आपल्यासारख्यांची नाही" म्हणून यादीतून आपोआप गळत असेल, तर तेही मनाशी कबूल करा. समाजमंदिरातली अंगणवाडी आमच्या यादीत सुरुवातीला नव्हतीच. का नव्हती, हे मला घरात कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नव्हतं.

ताट, वजन, पाणी

सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. तीन वर्षांवरच्या मुलांना गरम ताजा आहार, वर्षाला ३०० दिवस. बहुतेक ठिकाणी बचत गट शिजवतो. दुसरी फेरी जेवणाच्या वेळी ठेवायची ती यासाठी. लेकरं बसून खातात की मोठी बहीण डबा घेऊन येते आणि घरी नेते? डबा घरी गेला की तो चार जणांत वाटला जातो. खिचडीत डाळ दिसते का, उसळ गार आहे का, हात धुवायला साबण आहे का. एक घास मागून खा, कुणी नाही म्हणत नाही. आदिवासी भागात, आपल्याकडे किनवटच्या बाजूला, अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. तिकडे राहत असाल तर ती कोणत्या दिवशी वाटतात ते विचारा आणि त्या दिवशी जा.

वजन महिन्याला होतं का, आणि झालं तर आईला सांगतात का? चांगल्या ताई वाढीचा आलेख उघडून बोट ठेवून दाखवतात. दंडाला लावायची रंगीत पट्टी कुठे आहे तेही विचारा. पाच वर्षांखालच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, साडेबारापर्यंत मध्यम. ती पट्टी ताईंच्या पर्समध्ये किंवा टेबलावर हाताशी असेल तर वापरात आहे असं समजा.

खोलीचं मोजमाप पावलांनी करता येतं. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात ३० मुलांमागे किमान ३५ चौरस मीटर खोली सांगितली आहे, म्हणजे साधारण सोळा बाय चोवीस फूट, आणि बाहेर खेळायला ३० चौरस मीटर. गावातल्या फार थोड्या खोल्या यात बसतील. मी यावर अडून बसणार नाही. पत्र्यावर मात्र अडून बसेन. एप्रिलमध्ये अकरा वाजता पत्र्याच्या खोलीत दहा मिनिटं थांबून बघा, बाकी सांगायला नको. पाणी कुठून येतं, टँकर लागला की पिंप कोण भरतं, आणि संडासात केरसुण्या-पोती भरून कुलूप घातलंय का, हेही त्याच दमात बघून घ्या.

तुलना कशी मांडायची

गुण देऊन बेरीज करू नका. मी केली होती, आणि भिंतीच्या रंगाने संडासाच्या कुलपाला हरवलं होतं. आधी गाळणी लावा. तीनपैकी दोन फेऱ्यांत बंद, वाटेत खरा धोका, किंवा मुलांना मारतात वा कोंडतात, यातलं एकही असेल तर ती अंगणवाडी यादीतून बाद. उरलेल्यांत मी हा क्रम धरते: ताईंचं मुलांशी बोलणं, मग मदतनीस, मग जेवण, मग अंतर, आणि सगळ्यात शेवटी इमारत. तुमच्या घरी अंतर वर जाईल, अपंग मूल असेल तर पायऱ्या आणि संडास सगळ्यात वर जातील. फक्त क्रम आधी कागदावर लिहा आणि मग फेऱ्या मारा. उलट केलं की आवडलेल्या ठिकाणाला जुळेल असा क्रम आपोआप तयार होतो.

संपाचा काळही ध्यानात घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला सेविका-मदतनीसांचा राज्यव्यापी संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला. त्या काळात कुलूप दिसलं म्हणून गावात जी नावं ठेवली गेली ती काही ठिकाणी अजून पुसली नाहीत. ऐकीव माहिती कधीची आहे ते विचारा.

तुमचं घर एका अंगणवाडीच्या क्षेत्रात आणि पसंती दुसरीला, असं झालं तर दोन्ही ताईंशी समोर बसून बोला. एक मूल एकाच ठिकाणी नोंदलेलं असतं, त्यामुळे पोषण ट्रॅकरवरची नोंद हलवावी लागते. ते मुख्यसेविकेच्या कानावर घालून केलेलं बरं. परस्पर केलं की पहिल्या ताईंचा पट कमी होतो आणि मग बोलणं बंद होतं, गावात तेही परवडत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगते, कारण बीड जिल्ह्यात दसरा झाला की निम्मा तांडा रिकामा होतो आणि लेकरू मार्चपर्यंत कुठल्या तरी फडावर असतं. निघण्याआधी ताईंना कारखान्याचं आणि तालुक्याचं नाव सांगा, स्थलांतराची नोंद करून घ्या, लसीकरणाचं कार्ड आणि शेवटच्या वजनाचा आकडा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. तिकडे कोपी (राहायची झोपडी) पडली की जवळच्या अंगणवाडीत जाऊन आहार मागा. तो लेकराचा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत. तिथे निवड वगैरे करायला वाव नसतो, उघडी असलेली सगळ्यात जवळची हीच चांगली. आजी-आजोबा गावात थांबणार असतील आणि लेकरू मागे ठेवता येत असेल, तर मात्र वरचं सगळं लागू.

पटली नाही तर

निवडलेल्या अंगणवाडीत काही कमी असेल तर आधी ताईंनाच विचारा, बऱ्याचदा अडचण त्यांचीही तीच असते. मग मुख्यसेविका, मग बालविकास प्रकल्प अधिकारी, मग जिल्हा परिषदेचा महिला व बालविकास विभाग. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. पाण्याची टाकी, चटया, पत्र्याखाली छत, खेळणी यांची मागणी महिला ग्रामसभेत याच पैशांतून करता येते, आणि चार-पाच आया एकत्र गेल्या तर सरपंचाला टाळता येत नाही. आहार किती दिवस शिजला, मदतनीस पद किती महिने रिकामं आहे, हे तोंडी कुणी सांगत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत, आणि उत्तर ३० दिवसांत यायला हवं. अर्जात "सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका. महिना आणि आकडा विचारा.

धाकटी आता समाजमंदिरातल्या अंगणवाडीत जाते. ग्रामसभेत दोनदा विषय काढल्यावर गिलावा झाला, संडासाचं अजून चालू आहे. संध्याकाळी मी तिला "आज काय शिकलीस?" विचारत नाही, त्याला ती "काय नाय" एवढंच म्हणते. मी विचारते, "आज ताई कुठं बसल्या होत्या?" परवा म्हणाली, "खालीच. माझ्या शेजारी. त्यांच्या साडीला चिखल लागला."